उस्तादांची नमाज

खालाचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. दुपारी शाळा सुटली की पोरं घरी जाऊन दप्तर भिरकवायची, हाताला लागेल ते तोंडात कोंबायची आणि डोक्यावर टोपी नाहीतर ओढणी सारखी करत तिच्या पुढच्या खोलीत येऊन बसायची. खोली ती केवढी! एका भिंतीला लोखंडी कपाट, दुसरीला दिवाण, आणि मधल्या सतरंजीवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेली ही सगळी फौज. उशिरा येणाऱ्याला दिवाणाखाली पाय सारून बसावं लागे. खाला म्हणजे मावशी. पण ही त्यांतल्या कुणाचीच सख्खी मावशी नव्हती. पोरांच्या आयासुद्धा तिला खालाच म्हणायच्या, कारण त्यांनीही कधीकाळी याच सतरंजीवर बसून तिचा ओरडा खाल्ला होता.

राग तिच्या नाकावर असे, हे तिचे शत्रूच काय, तिची मुलगीही सांगेल. पण ज्या पोराला ती सगळ्यांत जास्त झापायची, त्याच्याच हातावर जाताना खडीसाखरेचा मोठा खडा पडायचा. त्यामुळे काही बिलंदर पोरं मुद्दाम चुकायची. तिला ते कळत होतं, आणि तिला कळतंय हे पोरांनाही कळत होतं.

ती कुराण वाचायला शिकवायची, पण त्याच्याही आधी चार मूळ गोष्टी डोक्यात घालायची. अल्लाह एक आहे. त्याला आई नाही, बाप नाही, लेकरू नाही, त्याच्यासारखा दुसरा कोणी नाही. मुहम्मद पैगंबर त्याचा निरोप घेऊन आले. त्यांच्या आधीही कितीतरी पैगंबर आले, इब्राहिम आले, मूसा आले, ईसा आले. निरोप एकच होता, पण माणसं ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून पुन्हा पुन्हा सांगावा धाडायला लागला. "तुमच्यासारखंच," ती म्हणायची. "मी काल सांगितलं ते आज कुणाला आठवतंय? हात वर करा." हात वर व्हायचे नाहीत. "बघा!"

त्यांत एक मुलगी होती, तिला सगळे चौकशी म्हणत. नावाप्रमाणेच होती. खालाने सांगितलं की प्रत्येकाच्या दोन खांद्यांवर दोन फरिश्ते बसलेले असतात, एक चांगलं लिहितो आणि एक वाईट. तर ही विचारते, "वाईट लिहिणारा दमत नसेल का?"

"बाकीच्यांचा नसेल दमत," खाला म्हणाली. "तुझ्यावरच्याचे हात भरून आले असतील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "खाला, अल्लाह सगळं बघतो ना? मग दिवसातून पाच पाच वेळा त्याला जाऊन काय सांगायचं?"

खाला तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "तू शाळेतून घरी येतेस ते तुझ्या आईला दिसतं की नाही? तरी दारातूनच 'अम्मी, आले' म्हणून ओरडतेस ना? नाही ओरडलीस तर काय होतं?"

"अम्मी विचारते, बरं नाही का म्हणून."

"हां. मग झालं तर. वाच पुढे."

दानधर्माचंही तिचं असंच. रमजानचे रोजे कळायला पोरांना वेळ लागत नसे, दिवसभर अन्नपाणी नाही हे पोटालाच कळतं. पण जकात समजावताना ती ताटच पुढे करायची. तुझ्या ताटात जे वाढलंय, त्यातला एक घास तुझा नाहीच. तो दुसऱ्या कुणाचा आहे, चुकून तुझ्या ताटात आलाय. तो ज्याचा त्याला देऊन टाकायचा, आणि देताना तोंड वर करून उपकार केल्यासारखं बघायचं नाही. हजचं विचारलं तर म्हणायची, ज्याला परवडतं, ज्याचं अंग धडधाकट आहे, त्याने जन्मात एकदा मक्केला जाऊन यायचं. आम्हाला नाही जमलं. ज्याने बोलवायचं त्याला आमची परिस्थिती ठाऊक आहे.

आणि मग एक गोष्ट ती आवाज खाली आणून सांगायची. तिचा आवाज खाली आला की पोरं आपोआप पुढे सरकायची. एक दिवस सगळी मेलेली माणसं उठवली जातील, आणि जो तो आपल्या करणीचा जाब द्यायला उभा राहील. तिथे पहिला प्रश्न नमाजचा असेल. आधी नमाज, मग बाकी सगळं.

हे वाक्य तिने आयुष्यभर शिकवलं होतं. ते एक दिवस आपल्याच घशात अडकेल असं तिला वाटलं नव्हतं.

तिचा नवरा न्हावी होता. दोन गल्ल्या सोडून त्याचं दुकान; दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, आणि कोपऱ्यात पाण्याचं पिंप. सगळे त्याला उस्ताद म्हणत. हात हलका, जीभ त्याहून हलकी. अजान झाली की उस्ताद हातातला वस्तरा ठेवणार म्हणजे ठेवणार. गिऱ्हाइकाच्या एका गालावर फेस असला तरी. "बसा निवांत," म्हणायचा, "तुमचा अर्धा चेहरा इथे गहाण आहे, तुम्ही कुठे पळून जाताय?" आणि कोपऱ्यावरच्या मशिदीत जाऊन, नमाज पढून, हसत परत यायचा. गिऱ्हाईक तोवर वाळलेला फेस घेऊन आरशात बघत बसलेलं असायचं. कुणी दुसऱ्या न्हाव्याकडे गेलं असं मात्र ऐकिवात नाही.

दिवसाच्या नमाजा मशिदीत, पण दुकान बंद केल्यावरची शेवटची, इशाची, तो घरी पढायचा. ती दोघांची असायची. तो पुढे उभा, ती त्याच्या मागे. लग्न झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं होतं की या माणसाला कुराणातल्या दोनतीन छोट्या सूरा, म्हणजे अध्याय, सोडल्या तर काही पाठ नाही. लहानपणीच कात्री हातात आली होती, शिकणार कधी? त्याला त्याची फार शरम वाटायची. मग तिने त्याला शिकवलं. भाजी चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता. त्याने कुणाला सांगितलं नाही, तिनेही नाही. दिवसा तिने शिकवलेलं तो रात्री पुढे उभा राहून म्हणायचा आणि मागे उभी राहून ती ऐकायची. त्यात तिला जे सुख होतं ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिचा तो स्वभाव नव्हता.

चुकायचा, अर्थातच. नमाजमध्ये पुढचा चुकला तर मागच्याने त्याला सावध करायचं असतं. पुरुष असेल तर तो 'सुब्हानल्लाह' म्हणतो. बाईने बोलायचं नाही; उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवर मारायची. बारीकसा टप असा आवाज होतो. पोरांना हे शिकवताना हसून हसून पुरेवाट व्हायची. उस्तादला मात्र तो आवाज पुरायचा. टप झालं की तो थांबायचा, आठवायचा, सावरायचा. आणि उठबस कमीजास्त झाली असली, तर शेवटी दोन सजदे जादा करायचा, कपाळ जमिनीला टेकवून. विसरलेल्याचे सजदे म्हणतात त्यांना. तेवढे केले की नमाज टिकते, मोडत नाही. धर्मातल्या सगळ्या नियमांत खालाला हा नियम फार आवडायचा. माणूस विसरणार हे अल्लाहने आधीच धरून ठेवलंय, त्याची सोय करून ठेवलीय, असं ती म्हणायची.

उस्तादच्या डोक्यात काहीतरी बिघडतंय हे डॉक्टरने सांगितलं ते पुष्कळ नंतर. खालाला ते तिच्या हातांनी आधीच सांगितलं होतं. महिन्यातून एखाद्या वेळी वाजणारी ती टप आठवड्याला वाजू लागली, मग एक दिवसाआड, मग रोज. एक दिवस चारांपैकी तिसऱ्या रकातीतच, म्हणजे उठबशीच्या तिसऱ्या फेरीतच, तो नमाज संपवून बसला. एक दिवस संपवेचना. लग्नानंतर तिने शिकवलेल्या सूरा त्याच्या तोंडून उलट्या क्रमाने गळत चालल्या. शेवटी शिकलेली आधी गेली. ती मागे उभी राहून हे ऐकत होती, आणि कुणाला सांगत नव्हती. कुणी विचारलं तर, "वय झालं. तुमचं नाही होणार?" असं म्हणून समोरच्याची बोलती बंद करायची.

मग एकदा ती टप झाली आणि उस्ताद नमाजमध्येच मागे वळला. चेहऱ्यावर दिवसभर उभा राहिलेल्या माणसाचा थकवा होता.

"आता नाही, बाबा," तो अगदी गोडीने म्हणाला. "दुकान बंद झालं. उद्या सकाळी या, पहिला नंबर तुमचा."

 खाला तिथेच खाली बसली. त्यानंतर तो पुढे आणि ती मागे असे ते कधी उभे राहिले नाहीत.

दुकान मुलीच्या नवऱ्याने चालवायला घेतलं. उस्ताद घरी राहू लागला. रमजान आला तेव्हा खालाने त्याला रोजे धरू दिले नाहीत. म्हाताऱ्या, आजारी माणसाला रोजे माफ असतात, त्याऐवजी प्रत्येक रोज्यामागे एका गरजूला जेवू घालायचं. पलीकडच्या इमारतीच्या वॉचमनचा डबा तिने महिनाभर भरला. पण उस्तादला कोण सांगणार? तो ज्याला त्याला छाती पुढे काढून सांगायचा, माझा रोजा आहे. आणि पाच मिनिटांनी स्वयंपाकघरात जाऊन ताट मागायचा.

चौकशीला हे बघवेना. "खाला, उस्ताद म्हणतात त्यांचा रोजा आहे. सकाळपासून तीनदा जेवले."

"विसरून खाल्लं तर रोजा मोडत नाही," खाला म्हणाली. "अल्लाहने जेवू घातलं म्हणायचं."

"तीनदा?"

"त्याच्या घरी काय कमी आहे?"

रोज्याचं तिने असं हसण्यावारी नेलं. नमाजचं तिला सोडवेना. रोजा ज्याचा त्याचा असतो; नमाज दोघांची होती. आणि तो पहिला प्रश्न तिच्या मानगुटीवर बसला होता. तिथे, त्या दिवशी, या भोळ्या माणसाला विचारलं आणि त्याला काही सांगताच आलं नाही तर? ज्याने जन्मभर अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडून नमाज गाठली, त्याची शेवटची वर्षं कोरी निघाली तर?  तिने कंबर कसली. उस्तादची नमाज ती सुटू देणार नव्हती.

मग घरात नवाच दिनक्रम सुरू झाला. अजान झाली की त्याला मोरीपाशी न्यायचं. वजू म्हणजे नमाजआधी ठरलेल्या क्रमाने हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात धुवायचे, ओला हात डोक्यावरून फिरवायचा, पाय धुवायचे. तो हात धुवायला लागला की धुतच राहायचा. मग ती लोटा धरायची आणि सांगायची, आता चुळा भरा, आता चेहरा. मग जानमाज, म्हणजे नमाजची चटई, अंथरायची, त्याला किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून उभं करायची आणि शेजारी थांबून एकेक पायरी बोलायची. हात बांधा. वाका. उभे राहा. आता सजदा. त्याचं झालं की तिची. पण तोवर तो पुन्हा उठून दरवाज्याची कडी काढायला लागलेला असायचा, त्यामुळे तिची नमाज म्हणजे नुसती धावपळ. कान दाराकडे, डोळे त्याच्याकडे, ओठ सवयीने हलताहेत. मुलगी फोनवर म्हणाली, "अम्मी, त्यांना राहू दे ना आता." खालाने तिला असं काही सुनावलं की पोरीने दोन दिवस फोन केला नाही.

सुरुवातीला तो मुकाट ऐकायचा. पुढे जानमाज दिसली की कावराबावरा व्हायचा. खाला म्हणायची, कंटाळा करतात. पोरांना ओळखणाऱ्या त्या बाईला भीती आणि कंटाळा यांतला फरक कळत नव्हता असं नाही; तिला तो कळून घ्यायचा नव्हता.

त्या दिवशी पुढच्या खोलीत पोरं मोठमोठ्याने वाचत होती. दुपारनंतरच्या असर नमाजची वेळ झाली होती. खालाने आतल्या खोलीत उस्तादला उभं केलं. तो उभा राहिला. वाका म्हणाली, तो वाकला नाही. पुन्हा म्हणाली. तो भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत होता. बाहेर दोन पोरं भांडायला लागली होती, गॅसवर दूध होतं, आणि खालाचा तोल गेला.

"वाका! किती वेळा सांगायचं? लक्ष कुठाय? रोज रोज तेच, रोज रोज तेच!"

पुढच्या खोलीतलं वाचन बंद पडलं.

उस्तादने दोन्ही हातांनी आपले कान झाकून घेतले. पिळले जाऊ नयेत म्हणून पोरं झाकतात तसे. खांदे वर घेतले, मान आत ओढली, आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "उद्या पाठ करून येतो, खाला."

सगळ्या आयुष्यात त्याने तिला खाला म्हटलं नव्हतं. 'अगं' म्हणायचा. 'ऐकतेस का' म्हणायचा. फार लाडात आला तर 'मास्तरीणबाई' म्हणायचा.  वजूचं पाणी अजून त्याच्या दाढीतून गळत होतं. तिने ओढणीच्या टोकाने त्याची दाढी पुसली, तेव्हाही तो दचकला.

बाहेर येऊन ती म्हणाली, "जा आता. आज सुट्टी." पोरं खडीसाखर न मागता चपला शोधू लागली. दूध उतू गेलं होतं ते तिने तसंच राहू दिलं. शेजारणीला उस्तादजवळ बसवलं आणि ती मशिदीकडे निघाली.

मशिदीतले मौलाना बाजूच्या छोट्या खोलीत बसून लाउडस्पीकरच्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळत होते. तरणाबांड माणूस, काळीभोर दाढी. गल्लीतले म्हातारेसुद्धा त्यांना वाकून सलाम करायचे. पण खाला दारात दिसली तसे ते चटकन उभे राहिले, वायर हातातून पडली. तेही त्या दिवाणाखाली पाय सारून बसणाऱ्यांतलेच होते, आणि रोज उशिरा येणाऱ्यांतले.

"खाला, तुम्ही कशाला आलात? मला बोलवायचं."

"बस," खाला म्हणाली. "मला एक मसला विचारायचाय." मसला म्हणजे धर्माचा नियम. मग तिने सगळं सांगितलं. वजूचं, उभं करण्याचं, शेजारून बोलून दाखवण्याचं. कान झाकल्याचं सांगताना ती अडली, पण तेही सांगितलं. "मी बाजूने सांगते आणि ते करतात, तर त्यांची नमाज होते का? एवढंच सांग मला. होते म्हण."

मौलानांनी चिकटपट्टीचं टोक नखाने सोडवलं.

"जोवर त्यांना कळत होतं की आपण नमाज पढतोय, फक्त मोजणी विसरत होते, तोवर तुम्ही सांगून झालेली नमाज झाली असंच म्हणू," ते म्हणाले. "पण आता त्यांना ती नमाज आहे हेच कळत नाही ना, खाला? मग त्यांच्यावर ती नाहीच. माफ आहे. लहान मूल, झोपलेला माणूस आणि ज्याची समज गेली तो, या तिघांचं लिहिणारी लेखणी उचललेली असते. हे तर तुम्हीच..."

"माहितेय मला काय शिकवलंय मी!" खाला कडाडली. बाहेर वजू करणारा एक म्हातारा दचकून वर बघू लागला. "माफ आहे, माफ आहे! शाळेतून नाव काढल्यासारखं बोलतोस. जिवंत आहे माझा माणूस अजून. लेखणी उचलली म्हणजे काय? त्यांचं कोणी काही लिहीतच नाही? ते कुणाच्या मोजणीतच नाहीत?"

हेच होतं. इतके महिने जे तिने स्वतःलाही सांगितलं नव्हतं ते असं मशिदीच्या दारात तोंडातून बाहेर पडलं, आणि ती रडू लागली. मौलानांनी तिला कधी रडताना बघितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचा ग्लास भरून पुढे केला. 

"चुका लिहिणारी लेखणी उचलली, खाला," ते म्हणाले. "चांगलं लिहिणारी नाही. बरं असताना माणूस जे करायचा, ते आजारपणात करता आलं नाही तरी त्याच्या नावावर लिहिलं जातं. पैगंबरांनी सांगितलंय. उस्तादांची नमाज सुटलेली नाही. रोज, वेळेवर, पाचही वेळची लिहिली जातेय. मशिदीतली मशिदीतली म्हणून, तुमच्याबरोबरची तुमच्याबरोबरची म्हणून. फक्त उभं राहायचं काम त्यांच्याकडे राहिलं नाही."

 खालाने ग्लासातलं पाणी घोट घोट संपवलं.

"मग मी काय करू?" तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज त्या सतरंजीवरच्या एखाद्या पोरासारखा झाला होता.

"तुम्ही तुमची पढा," मौलाना म्हणाले. "निवांत."

"एकटी?" खाला म्हणाली. "आयुष्यभर त्यांच्या पाठीकडे बघून पढली रे मी."

 मौलाना तिच्या चपला सरळ करून ठेवायला खाली वाकले. खालाने जाता जाता त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

ती घरी पोचली तेव्हा सूर्य बुडत होता. शेजारीण म्हणाली, शहाण्यासारखे बसलेत, काही त्रास नाही. उस्ताद पलंगाच्या कडेवर बसून आपल्या तळहातांकडे बघत होता. मगरिबची अजान झाली. सवयीने खाला त्याच्याकडे वळली, आणि त्याने घाईघाईने पाय वर घेतले.

"बसा," ती म्हणाली. "तुम्हाला काही करायचं नाही. तुमची झाली."

"झाली?"

"हो. वेळेवर झाली."

"बरं झालं," उस्ताद म्हणाला, आणि त्याचे खांदे खाली आले. कित्येक महिन्यांत तिने ते असे सैल पडलेले पाहिले नव्हते.

तिने वजू केली, सावकाश. एकच जानमाज अंथरली. हात बांधून उभी राहिली तेव्हा समोरच्या भिंतीवर रंगाचा एक मोठा पोपडा सुटलेला तिला दिसला. एवढी वर्षं तिथे त्याची पाठ असायची, पोपडा कधी सुटला तिला ठाऊकच नव्हतं.  तिने डोळे खाली वळवले, जिथे कपाळ टेकायचं तिथे, आणि वाचायला सुरुवात केली. मनातल्या मनात, अक्षरन् अक्षर. आज कान दाराकडे नव्हते. कडी काढली तर काढू दे, ती मनाशी म्हणाली, आणि मग तेही म्हणायची थांबली.

शेवटच्या रकातीत तिने सजदा केला. कपाळ जमिनीला लावलं. माणूस अल्लाहच्या सगळ्यांत जवळ असतो तो या घडीला, असं ती पोरांना सांगत आली होती. तिला काहीतरी मागायचं होतं, पण शब्द सापडेनात.

पलंग करकरला. अनवाणी पावलं जवळ आली. तिच्या डोक्यापाशी कुणीतरी गुडघे टेकून बसलं, आणि दोन हात तिच्या डोक्यावर आले. ओढणीवरूनच त्यांनी डोकं दोन्ही बाजूंनी हलकेच धरलं, एका बाजूला किंचित कलतं होतं ते सरळ केलं. ज्या हातांनी सगळ्या वस्तीची डोकी अशीच धरली होती ते हात. 

"हं, मान अशीच खाली ठेवा," उस्ताद म्हणाला. दुकानातला तो जुना, खात्रीचा, गोड आवाज. "हलायचं नाही. झालंच आता."

तिला हसू फुटत होतं. मोठ्याने हसली असती तर नमाज मोडली असती. तिने ओठ घट्ट मिटले, तर डोळ्यांतून पाणी येऊन जानमाजवर टपटपू लागलं. आपल्यापेक्षा कुणी जास्त सुखी असेल असं त्या क्षणी तिला वाटलं नाही, आणि जास्त दुःखी असेल असंही नाही. सजद्यातली तसबीह, माझा रब सर्वांत उच्च आणि पवित्र आहे, तिने एकदा म्हटली, पुन्हा म्हटली, आणि म्हणतच राहिली. वर उठायची वेळ कधीच होऊन गेली होती. पण त्याची बोटं मानेवरून चालत होती, आणि त्याचं काम अजून संपलं नव्हतं. ती हलली नाही.